तिसरा पुकारा

आमच्या भावोजींना देवानं आवाज दिला आणि बाकीचं द्यायचं तो विसरून गेला. उंची बेताची, केस केव्हाच गेलेले, अंगावर मांस म्हणाल तर नावाला. पण तोंड उघडलं की समोरचा माणूस आपसूक मागं सरकतो. कोर्टात त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणतात. वकील म्हणतात, कारकून म्हणतात, चहावाला तर तोंडावर म्हणतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी त्यांची चौकशी करत आलं तर तेच सांगतात, "भोंगा कुठाय विचारा, लगेच सापडेन."

मी त्यांची मेहुणी. त्याच कोर्टाच्या आवारात, जिन्याखालच्या कोपऱ्यात माझं टायपिंगचं टेबल आहे. लोकांचे अर्ज, अपिलं, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. भावोजी मला ‘टकटक’ म्हणतात. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिण्याचा हक्क मला नात्यानंही पोचतो आणि शेजारानंही, आणि त्यांना राग आला तर येऊ दे, दुसऱ्या दिवशी चहा प्यायला माझ्याच टेबलापाशी येतील.

आमचं कोर्ट जरा वेगळं आहे. इथे खून येत नाहीत, दरोडे येत नाहीत, घटस्फोट तर नाहीतच, त्यामुळे मजा बघायला येणाऱ्यांची अगदीच निराशा होते. इथे भांडणाची एक बाजू कायमची ठरलेली असते, ती म्हणजे सरकार. कुणाचा परवाना सरकारनं काढून घेतलेला असतो, कुणाच्या अंगणातून सरकारला रस्ता न्यायचा असतो, कुणा मास्तराला घरी बसवलेलं असतं, कुठल्या गावाचं वरच्या कचेरीशी पाण्यावरून वाजलेलं असतं. खाली एकदा निकाल लागतो, तो ज्याला पटत नाही तो इथे येतो. इथे साक्षीदार नाहीत, नवा पुरावा नाही, हुंदके देऊन उपयोग नाही. खालच्या कचेरीनं जे केलं ते रीतीनं केलं का, एवढंच न्यायाधीश कागदावरून तपासतात. मला हे फार पटतं. दाराला कुलूप लावायचं असेल तर लावा बापडे, पण आधी आत कुणी आहे का ते बघा. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी एवढी मोठी इमारत बांधावी लागली.

तर या इमारतीत भावोजी शिपाई आहेत आणि त्यांचं मुख्य काम पुकारा करणं. कोर्टाची खोली लहान आहे, म्हणून पक्षकारांनी बाहेर बाकावर बसायचं आणि पुकारा झाला की आत जायचं अशी पद्धत. नियमानं तीन पुकारे. तिसऱ्यालाही कुणी आलं नाही तर अपील निकालात निघतं, माणसानं घरी जावं. सरकारला मात्र पुकारावं लागत नाही. सरकारी वकील सकाळपासून आत बसलेलेच असतात, खुर्चीला चिकटवल्यासारखे.

भावोजींच्या पुकाऱ्याची एक रीत आहे. पहिला दारातून, साधा. दुसरा जिन्याच्या टोकावर जाऊन, जरा मोठा. आणि तिसरा गॅलरीच्या खिडकीतून, खालच्या आवारात तोंड करून. हा तिसरा काय वर्णावा! आधी ते खिडकीचं दार नीट उघडून धरतात, घसा साफ करतात, चष्मा पुसतात, मग नावाची पहिली अक्षरं सोडतात, मधे दम घेतात, आणि आडनावाला रबरासारखं ताणत नेतात. तेवढ्यात खाली कुणीतरी झेरॉक्स टाकून धावत सुटतो, कुणी म्हातारी अर्धा चहा तसाच ठेवून जिना चढते. भावोजींचं आडनाव संपतं आणि माणूस दारात पोचतो. असे किती जण त्या ताणलेल्या आवाजाला धरून वर आले त्याला गणती नाही.

सरकारी वकिलांनी एकदा तक्रार केली. माणूस वाईट नाही, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या बाळगतो आणि सगळ्यांना वाटतो. पण त्या दिवशी वैतागला होता. म्हणाला, "बाईसाहेब, हे तिसरा पुकारा एवढा लांबवतात, की पक्षकार घरून अंघोळ करून येईल."

बाईसाहेब म्हणजे आमच्या न्यायाधीश. तेव्हा नव्याच आल्या होत्या. चष्म्यावरून बघायच्या आणि कमी बोलायच्या, त्यामुळे सगळे टरकून असायचे. त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं, पान काढलं, वाचलं. "पुकारे किती करायचे ते दिलंय. केवढे लांब करायचे ते दिलेलं नाही. पुढचं प्रकरण घ्या," म्हणाल्या. त्या दुपारी भावोजी माझ्या टेबलाशी आले तेव्हा शर्टाची बटणं तुटतात की काय असं वाटत होतं.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस लोकांच्या बाजूचा. छे! घरी हे पक्के सरकारी. नळाला पाणी आलं नाही तर "त्यांची वरून काहीतरी अडचण असणार." रस्ता खणून ठेवला तर "चांगल्यासाठीच खणलाय." ताई चिडून म्हणायची, "तुमच्या सरकारला एकदा माझ्या बादलीत डोकवायला सांगा." ताई म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणजेच भावोजींची बायको. लग्न झाल्यापासून या गृहस्थांनी तिला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. ‘अगं.’ संपलं. दिवसभर जगाची नावं आडनावासकट घ्यायची आणि घरात शिरलं की ‘अगं’. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ऑफिसचं काम घरी आणत नाही मी, टकटक."

खरं तर ताईचं नाव कुणीच घेत नसे. मी ताई म्हणते, तिची मुलं आई म्हणायची, ती शिकून आपापल्या वाटेनं गेली. शेजारपाजारचे ‘भोंग्याची बायको’ म्हणतात. मग घर ओकंबोकं झालं तेव्हा तिनं पुढच्या खोलीत पाळणाघर काढलं. नर्सबाईंचं पोर, कंडक्टरबाईंची जुळी, कुणा कुणाची अशी चिल्लीपिल्ली जमली. ती तिला आजी म्हणू लागली. पण दारावर पाटी लागली, आणि रंगाऱ्यानं त्या पाटीवर ताईचं पूर्ण नाव लिहिलं. निळ्या रंगात, टपोरं. पहिल्या दिवशी ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून बराच वेळ पाटी बघत उभी राहिली. मी लांबून बघितलं आणि मला रडू आलं, ते का ते विचारू नका.

पाळणाघर झकास चाललं होतं, आणि परवाना कचेरीचे तपासनीस आले. मुलांच्या खोलीला बाहेर पडायला दोन दारं हवीत असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. ताईच्या खोलीला दोन दारं आहेतही. एक रस्त्याकडचं, एक मागच्या अंगणाकडचं. पण मागच्या दाराचा उंबरा जरा उंच आणि खाली पायरी नाही, म्हणून साहेबांनी त्याला खिडकी ठरवलं. त्या खिडकीतून लोखंडी कपाट आत आलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. पण कागदावर खिडकी म्हणजे खिडकी.

ताईला कचेरीतून बोलावणं आलं, तुमचं म्हणणं मांडा. ती गेली. जुळ्यांपैकी एकाला ताप होता, त्याला मांडीवर घेऊन ती तिथल्या बाकावर सकाळपासून बसली. संध्याकाळी शिपायानं सांगितलं, झालं, आता घरी जा. आणि पुढच्याच आठवड्यात हुकूम आला, की पुकारूनही बाई गैरहजर राहिल्या, सबब पाळणाघर बंद करावं.

तो हुकूम मी मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा भावोजी जेवत होते. त्यांनी आधी सवयीनं सांगितलं, "नियम असेल तसा. सरकार उगीच कशाला..." आणि मधेच थांबले.

"पुन्हा वाच. काय म्हणालीस? पुकारूनही?"

मी पुन्हा वाचलं. त्यांनी ताईकडे पाहिलं. "अगं, पुकारा झाला होता?"

"नाही हो. मी दाराच्या समोरच बसले होते."

"दारातून नाही? जिन्याकडून? कुणी काहीच म्हणालं नाही?"

"तो शिपाई चहाचा ग्लास घेऊन एकदा बाहेर आला होता. काहीतरी पुटपुटला ग्लासात. मला वाटलं चहा गरम आहे म्हणतोय."

भावोजींनी ताट बाजूला सारलं. पाण्याची बादली, खणलेले रस्ते, सगळं त्यांनी आजवर पदरात घेतलं होतं. पण हे त्यांच्या वर्मी लागलं. माणूस समोर बसलेला असताना न पुकारता गैरहजर लिहायचं? त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "टकटक," ते म्हणाले, "उद्या सकाळी अपील टाइप कर." आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ परत आलेच नाहीत.

अपील दाखल झालं. वकील लावायचा नाही, स्वतःच बोलायचं असं ताईनं ठरवलं. सुनावणी होईपर्यंत पाळणाघर चालू ठेवायला कोर्टानं परवानगी दिली. म्हणजे अपील जर निकालात निघालं तर दुसऱ्या दिवशी कुलूप. नर्सबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आजी, काय झालं हो?" ताई म्हणायची, "होईल." पण पाटी पुसताना तिचा हात हळू चालायचा.

आणि गंमत अशी, की प्रकरण लागलं ते नेमकं भावोजींच्याच कोर्टात. बायकोच्या नावाचा पुकारा आता यांनी करायचा! भावोजींची झोप उडाली. त्यांनी कोर्टाच्या चिटणिसांना विनवलं, त्या दिवशी दुसरा माणूस द्या. चिटणीस म्हणाले, "पुकाऱ्याला कसली आलीय बाजू? तुझा घसा कोर्टाचा आहे, बायकोचा नाही. जा."

मग यांनी सचोटीचा असा काही धडाका लावला की विचारू नका. सुनावणीच्या दिवशी सकाळी ताईनं रोजच्यासारखा डबा पुढे केला, तर हात मागे घेतले. "पक्षकाराकडून काही घ्यायचं नसतं."

"मग पक्षकाराच्या घरात झोपता कशाला?" ताई म्हणाली.

ते डबा न घेताच निघाले, आणि ताई मागोमाग निघाली तर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून चालू लागले. कुणी म्हणायला नको, दोघं संगनमतानं आले. शेवटी डबा माझ्या हातात आला आणि दोघांच्या मधून, रस्त्याच्या कडेनं, मी चालले.

ताईला मी वरच्या बाकावर बसवलं. तिच्या मांडीवर जुळ्यांपैकी एक होतंच, त्याला सोडून ती कुठे जाणार? मी अपिलाच्या जादा प्रती द्यायला आत गेले आणि चिटणिसांच्या टेबलामागे उभी राहिले. बाईसाहेबांनी चष्मा सारखा केला. चिटणिसांनी प्रकरण पुकारायला खूण केली.

भावोजी उठले. दाराशी गेले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि घसा खाकरल्यासारखा काहीतरी आवाज आला. मी वाट बघत राहिले, की आता पुकारतील. पुन्हा तसाच आवाज आला. जिन्याच्या टोकावर नाही, खिडकीपाशी नाही, जिथे होते तिथेच, उंबऱ्याकडे बघत. आणि मग माझ्या लक्षात आलं, आणि माझ्या हातातल्या प्रती खाली पडल्या. हे खाकरणं नव्हतं. हे पुकारे होते! आयुष्यभर परक्यांसाठी गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि सख्ख्या बायकोची वेळ आली तेव्हा या माणसाला पक्षपाताची भीती वाटली. शिवाय ते नाव. जन्मात कधी मोठ्यानं उच्चारलेलं नाही ते चारचौघांत उच्चारायचं! कान बघितले मी त्यांचे, मागून. लाल झाले होते.

सरकारी वकील उभे राहिले. "बाईसाहेब, अपीलकर्ती आजही गैरहजर दिसतात. दोन पुकारे झाले. खालच्या कचेरीतही हेच झालं. तिसरा झाला की निकालात काढावं."

"अहो, ती बाहेर..." मी ओरडले.

"तुम्ही पक्षकार आहात?" बाईसाहेबांनी विचारलं.

"नाही, मी बहीण."

"मग गप्प बसा." आणि त्या भावोजींकडे वळल्या. "आज आवाजाला काय झालंय तुमच्या?"

भावोजी वळले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, रस्ता चुकलेल्या मुलासारखा. "बाईसाहेब," ते म्हणाले, "पक्षकार माझी बायको आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणून तिला कमी?"

"जास्त होऊ नये म्हणून, बाईसाहेब."

"बाकीच्यांना जेवढा देता तेवढा द्या. तिसरा पुकारा तुम्ही कसा करता ते मला माहीत आहे."

भावोजी गॅलरीच्या खिडकीपाशी गेले. दार उघडून धरलं. चष्मा पुसला, नीट पुसला, कारण ओला झाला होता. आणि मग त्यांनी ताईचं नाव घेतलं. आईनं ठेवलेलं, पाटीवर लिहिलेलं, ते अख्खं नाव. खाली आवारात लोक माना वर करून उभे राहिले. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. आडनाव अजून हवेत होतं तोच ताई दारात आली, कडेवर पोर घेऊन, जरा घाबरलेली.

"कुठे होता तुम्ही?" बाईसाहेबांनी विचारलं.

"इथेच, बाईसाहेब. बाहेरच्या बाकावर. केव्हाची बसलेय."

"आधीचे दोन पुकारे ऐकले नाहीत?"

"आधी झाले होते?" ताईनं भावोजींकडे बघितलं, आणि भावोजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

बाईसाहेब सरकारी वकिलांकडे वळल्या. "ऐकलंत? तुमच्या कचेरीत पुकारा कुणी केला, कुठून केला, काही नोंद आहे कागदांत?"

वकिलांनी पानं चाळली, पुढे, मग मागे. "नोंद नाही. पण बाईसाहेब, या कोर्टात नवा पुरावा घेता येत नाही."

"मी कुठे घेतेय? माझ्याच कोर्टात आत्ता काय झालं तेवढं मला दिसलंय. तुम्हालाही दिसलंच असेल."

वकिलांनी खोकल्याची गोळी तोंडात टाकली आणि खाली बसले. मग ताईनं तिचं म्हणणं मांडलं, दाराचं, उंबऱ्याचं, कपाटाचं, आणि बाईसाहेबांनी एकदाही न अडवता ऐकलं. निकाल तिथेच सांगितला. ते दार आहे की खिडकी, ते हे कोर्ट ठरवणार नाही, ते कचेरीनं बघावं. पण समोर बसलेल्या बाईचं न ऐकता कुलूप लावता येणार नाही. हुकूम रद्द. तिला परत बोलवा, ऐकू येईल असं पुकारा, ऐकून घ्या, आणि मग काय ते ठरवा.

ताई त्यावर जिन्यात रडली, आणि कडेवरचं पोर तिचे डोळे पुसत होतं, म्हणजे सगळा चेहरा चिकट करत होतं. भावोजी लांब उभे होते. कोर्ट सुटायच्या आत पक्षकाराशी बोलणार नाहीत म्हणे. डबा मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतला.

पाळणाघर चालू आहे हे सांगून टाकते. कचेरीच्या साहेबांनी पुढच्या वेळी सगळं ऐकून घेतलं, घरी आले, त्या वादग्रस्त खिडकीतून स्वतः बाहेर पडून पाहिलं, आणि खाली पायरी बांधून घ्या म्हणाले. पायरी झाली आणि खिडकीचं दार झालं.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी कचेरीत काय झालं ते. भावोजींनी रजा काढली होती. या वेळी एकाच फुटपाथवरून, ताईच्या शेजारून चालत आले. आम्ही तिघं त्याच बाकावर बसलो, चौथं ताईच्या मांडीवर. आतून तोच शिपाई आला, चहाचा ग्लास घेऊन, आणि ग्लासात काहीतरी पुटपुटला.

भावोजी ताडकन उठले. "हा पुकारा?"

"मग काय नाचून दाखवू?" शिपाई म्हणाला.

"जरा बाजूला व्हा." भावोजी दारात उभे राहिले, शर्ट खाली ओढला, आणि ताईचं पूर्ण नाव असं काही सोडलं, की शिपायाच्या ग्लासातला चहा हिंदकळला. कचेरीतली सगळी दारं उघडली. मांडीवरचं पोर दचकून उठलं आणि टाळ्या वाजवू लागलं.

"अहो, मी इथेच बसलेय!" ताई कानावर हात ठेवून म्हणाली.

"ते मला माहितीय. कचेरीला माहीत व्हायला हवं." आणि ते जिन्याच्या टोकावर गेले. दुसरा पुकारा पहिल्याहून मोठा झाला. तोवर साहेब स्वतः दारात आले होते आणि हात जोडून म्हणत होते, "कळलं हो कळलं. या बाई, आत या."

ताई उठली नाही. तिनं पोराला नीट बसवलं, पदर सारखा केला.

"अगं, ऊठ ना," भावोजी म्हणाले. "साहेब बोलावतायत."

"येते की," ताई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, साहेबांकडेही नाही. "पण तिसरा राहिलाय अजून."

भावोजी खिडकीपाशी गेले, दार उघडून धरलं, चष्मा पुसला, आणि तिसरा पुकारा त्यांच्या रीतीप्रमाणे चांगला लांबवर ताणला. साहेब दारात उभे राहून वाट बघत होते.